वरून ढिगारा दिसतो, घर दिसत नाही



गेल्या रविवारी उमरग्याकडच्या आमच्या मावशी मुक्कामाला आल्या होत्या. मावशींनी आता सत्तरी ओलांडली आहे. 1993 चा भूकंप त्यांनी स्वतः भोगला. जेवणे उरकल्यावर आमच्या धाकट्या चिरंजीवांनी त्यांना मोबाइलवर दोन चित्रे दाखविली. दोन्ही केरळातील वायनाडची, दोन्ही उपग्रहातून घेतलेली. पहिल्यात हिरवी झाडी, चहाचे मळे आणि मधून वाहणारी बारीक नदी. दुसऱ्यात तीच जागा. पण डोंगराच्या माथ्यापासून खालपर्यंत मातीचा मळकट पट्टा ओढलेला. जणू कोणी ओल्या भिंतीवरून पंजा फिरवावा!

मावशींनी चष्मा वर-खाली करून दोन्ही चित्रे बराच वेळ पाहिली. मग म्हणाल्या, "माती दिसतीया, दगड दिसत्यात. पर ह्याच्याखाली कुणाचं घर हुतं, ते दिसतंय का रं?"

चिरंजीव गप्प झाले. खरे सांगायचे तर आम्हीही गप्प झालो. मावशींच्या या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता जे हाती लागले, ते आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

आधी त्या चित्रांविषयी. 30 जुलै 2024 च्या पहाटे वायनाड जिल्ह्यात मुंडक्कै, चूरलमला, पुंचिरिमट्टम या भागावर डोंगर कोसळला. अडीचशेहून अधिक माणसे गेली. दुसऱ्याच दिवशी, 31 जुलैला, आपल्या देशाच्या 'कार्टोसॅट-3' या उपग्रहाने आणि एका रडार उपग्रहाने त्या जागेची चित्रे घेतली. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्रातील शास्त्रज्ञांनी ती जुन्या चित्रांशी ताडून पाहिली आणि हिशेब मांडला. दरड सुटली ती समुद्रसपाटीपासून सुमारे 1550 मीटर उंचीवर. सुटलेल्या भागाचे क्षेत्र सुमारे 86,000 चौरस मीटर. आणि ती माती, ते धोंडे, ती झाडे नदीच्या पात्रातून सुमारे आठ किलोमीटर वाहत गेली. बचावाची माणसे चिखलातून वाट काढीत होती, त्याच सुमारास कागदावर हे आकडे तयार होते.

आमच्या काही वाचकांना वाटेल, पावसाळ्यात आभाळ भरलेले असताना वरून दिसते कसे? साध्या कॅमेऱ्याला दिसत नाहीच. म्हणून रडार लागते. रडार उपग्रह स्वतः लहरी सोडतो आणि जमिनीवर आपटून परत आलेल्या लहरी टिपतो. त्याला ढगाची अडचण नाही, रात्रीचीही नाही. जागा बदलली की परतणारी लहर बदलते. आपत्तीपूर्वीचे आणि नंतरचे टिपण एकमेकांवर ठेवले, की जिथे जुळत नाही तिथे काही तरी मोडले आहे, असे समजते. ते काय मोडले, हे मात्र ती लहर सांगत नाही.

मावशींच्या भूकंपाच्या वेळी ही सोय नव्हती. 1993 साली आपले उपग्रह आभाळात होते. पण त्यांचा सर्वांत चांगला कॅमेरा जमिनीवरचे साधारण 36 मीटर लांबी-रुंदीचे क्षेत्र एका ठिपक्यात दाखवी. म्हणजे एक अख्खा वाडा, शेजारचा गोठा आणि मधला बोळ मिळून एक ठिपका! आजच्या कार्टोसॅट-3 चा ठिपका सुमारे 28 सेंटिमीटरचा, म्हणजे वीतभराहून थोडा जास्त. तीस-पस्तीस वर्षांत विज्ञानाने केवढा पल्ला गाठला! ज्या देशाजवळ स्वतःचा उपग्रह नाही, त्यालाही आज ही चित्रे मिळू शकतात. मोठ्या आपत्तीत उपग्रहचित्रे पुरविण्याचा एक आंतरराष्ट्रीय करार 2000 सालापासून अमलात आहे आणि आपली 'इस्रो' त्यात सहभागी आहे.

आता ढिगारा मोजतात कसा, ते पाहू. याचे मोठे उदाहरण हैतीचे. कॅरिबियन समुद्रातला हा गरीब देश. गुलामांनी बंड करून, मालकांना हाकलून 1804 साली स्वतंत्र केलेला. 12 जानेवारी 2010 रोजी दुपारी पाच वाजण्याच्या सुमारास तेथे 7.0 तीव्रतेचा भूकंप झाला आणि पोर्ट-ओ-प्रिन्स ही राजधानी कोसळली. दुसऱ्याच दिवशी उपग्रहातून चित्रे आली. पुढच्या काही दिवसांत विमाने शहरावरून फिरली. त्यांनी आणलेल्या फोटोंचा ठिपका अवघा 15 सेंटिमीटरचा होता. विमानातून लेसर किरण खाली सोडून छतांची आणि ढिगाऱ्यांची उंचीही मोजली. मग 23 देशांतील 600 हून अधिक जाणकार आपापल्या गावी संगणकासमोर बसले. शहराचे चौकोन वाटून घेतले आणि एकेक घर पाहून कोसळलेल्या घरांवर खूण केली. सुमारे 30,000 इमारती अशा खुणेखाली आल्या. हे काम महिन्यांचे नव्हे, आठवड्यांचे होते. आम्हांस त्याचे कौतुक वाटते.

ढिगाऱ्याचा हिशेब तसा सोपा आहे. लांबी, रुंदी, उंची यांचा गुणाकार. भूकंपापूर्वीची उंची माहीत असेल तर नंतरची त्यातून वजा करावी. ती माहीत नसेल तर अमेरिकेत एक ठोकताळा वापरतात. पडलेल्या इमारतीच्या एकूण आकारमानाचा साधारण तिसरा हिस्सा राडारोडा निघतो. कारण उरलेली सारी हवाच, म्हणजे खोल्यांतली मोकळी जागा. वीस फूट लांब, पंधरा फूट रुंद, दहा फूट उंच घर म्हणजे तीन हजार घनफूट. पडले की राडारोडा सुमारे एक हजार घनफूट. हैतीत असा राडारोडा सुमारे एक कोटी घनमीटर असल्याचा अंदाज निघाला. एका ट्रकमध्ये दहा घनमीटर धरा. दहा लाख खेपा झाल्या! किती ट्रक लागतील, किती पैसा लागेल, टाकायला जागा किती हवी, हे सारे या एका आकड्यावर ठरते. म्हणून तो लवकर मिळणे महत्त्वाचे.

पण येथेच मावशींचा प्रश्न उभा राहतो.

पुढे हैती सरकारच्या अभियंत्यांनी घरोघर जाऊन सुमारे चार लाख इमारती तपासल्या. सुरक्षित घरावर हिरवी खूण, दुरुस्तीजोग्या घरावर पिवळी, राहू नये अशा घरावर लाल. जवळजवळ पाचवा हिस्सा इमारतींवर लाल खूण पडली. म्हणजे ऐंशी हजारांच्या घरात! वरून पाहणाऱ्यांनी शोधले होते कोसळलेले, खालच्यांनी नोंदले राहण्यास अयोग्य. दोन्हींची मोजणी वेगळी, हे खरे. तरीही जे घर वरून उभे दिसते ते आतून संपलेले असू शकते, हे त्यातून स्पष्ट होते. पोर्ट-ओ-प्रिन्समधील कित्येक घरे सिमेंटच्या सपाट स्लॅबची. खालचा मजला चिरडला की वरचा स्लॅब अलगद खाली बसतो. भाकरीवर भाकरी ठेवावी तसे मजले एकावर एक बसतात. वरून पाहावे तर स्लॅब जसाच्या तसा! पाहणारा त्या घराला 'शाबूत' म्हणून पुढे जातो आणि आत माणसे गाडलेली असतात. विमानातून तिरके फोटो घेतले तर भिंती दिसतात आणि अशा चुका कमी होतात. पण पुरत्या दुरुस्त होतात त्या कोणी पायी जाऊन पाहिल्यावरच.

दुसरी चूक याहून सूक्ष्म आहे, आणि ती आपल्या अधिक जवळची आहे. ढिगारा मोजला म्हणजे नुकसान मोजले, असे वाटू लागते. दगडी वाडा पडला तर डोंगराएवढा ढिगारा. पत्र्याची खोली पडली तर काय? पत्रा जमिनीवर आडवा होतो. चार मेढी मोडतात. लांबी-रुंदी-उंचीचा गुणाकार करायला उंचीच उरत नाही. चित्रात तेथे एक चकचकीत चौकोन दिसतो, तोही पूर्वीसारखाच! पण त्या पत्र्याखाली धान्याचे पिंप होते, रेशनकार्ड होते, पोरीचे दहावीचे पुस्तक होते. वाड्याच्या मालकाचे नुकसान मोठे असेल, परंतु त्याची शेती शिल्लक आहे. पत्र्याखालच्या कुटुंबाचे होते नव्हते ते सारे गेले. ढिगारा इमारतीचा असतो, नुकसान माणसाचे असते. या दोहोंना एक माप लावता येत नाही.

आम्ही हे बोलत असताना मावशींनी त्यांची हकीगत सांगितली. ती आम्ही पूर्वीही ऐकली होती. पण अर्थ आज कळला.

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेले. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे मातीला मिळाली. जवळजवळ आठ हजार माणसे गेल्याची सरकारी नोंद आहे. त्या भागातील मोठी घरे म्हणजे मातीत रचलेल्या दगडांच्या दोन-तीन फुटी भिंती आणि वर मातीच्या थराचे माळवद. थंडी-उन्हाला उत्तम, भूकंपाला काळ! निजलेल्या माणसांवर अख्खे माळवद आले. गावाच्या कडेला कुडाच्या, पत्र्याच्या खोपटांत राहणारी माणसे त्या मानाने वाचली. कारण अंगावर पडायला वजनच नव्हते. गरिबीने त्या रात्री तेवढा एक उपकार केला.

मावशींचे खोपट असेच गावाच्या टोकाला. ते कलंडले, मेढी मोडल्या, कूड फाटला. मावशी, यजमान आणि दोन लेकरे बाहेर आली. जगली. काही दिवसांनी नुकसान लिहून घेणारा माणूस आला. त्याने उभ्या उभ्या पाहिले, विचारले, "ढिगारा कुठाय?" मावशी सांगतात, "माझ्या घराचा ढिगारा दोन पाट्या निघाला. त्येनं लिवलं, किरकोळ. चार जीवांचं घर, अन् किरकोळ!"

तो माणूस वाईट होता असे मावशी आजही म्हणत नाहीत. त्याला समोर जे दिसले ते त्याने लिहिले. त्याच्या डोळ्यांना ढिगारा मोजायची सवय लागली होती.

पुढे पुनर्वसन झाले. पन्नासहून अधिक गावे नव्या जागी वसविली गेली. त्यात घर कोणाला केवढे मिळाले? भूमिहीनाला व एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याला 250 चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला 400 आणि त्याहून अधिक जमीन असलेल्याला 750. माणसे किती, यावर घराचा आकार ठरला नाही. जमीन किती, यावर ठरला. काहीच नसलेल्याला पक्के घर मिळाले, ही मोठी गोष्ट होती, हे नाकारू नये. परंतु मोजण्याची पट्टी कोणती धरली, यावर माणसाच्या पदरात काय पडते ते ठरते, हेही विसरू नये.

आता वायनाडच्या चित्राकडे पुन्हा पाहा. दरडीच्या वाटेत चहामळ्यातील मजुरांच्या 'पाड्या' होत्या. पाड्या म्हणजे एका ओळीत बांधलेल्या खोल्या. खोल्या मळ्याच्या, राहणारे मजूर. वरून छप्पर एकच दिसते. त्याखाली किती चुली होत्या, हे दिसत नाही. छप्पर एकाचे गेले, संसार दहांचे गेले.

आपल्या महाराष्ट्रातही तेच. 30 जुलै 2014 रोजी, म्हणजे वायनाडच्या बरोबर दहा वर्षे आधी, पुणे जिल्ह्यातील माळीण हे आदिवासींचे गाव दरडीखाली गेले. दीडशेवर माणसे गेली. ती बातमी प्रथम बाहेर आली ती एस.टी.च्या चालकामुळे. रोजच्या रस्त्याने बस नेली तर गाव जागेवर नाही! पुढे 19 जुलै 2023 च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर डोंगर आला. ठाकर आदिवासींची ही वाडी. तेथे रस्ता नाही, यंत्र चढेना. कुदळ-फावड्यांनी ढिगारा उपसला. 27 मृतदेह मिळाले, 57 माणसे बेपत्ता राहिली आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. हे 57 कोण, हे कोणत्या उपग्रहाने सांगितले? कोणत्याच नाही. ते वाचलेल्या शेजाऱ्यांनी सांगितले. "आमच्या पलीकडच्या घरात आजी, सून आणि तीन पोरे निजलेली होती," असे कोणीतरी सांगायला उरले, म्हणून यादी झाली.

मग उपग्रह निरुपयोगी का? मुळीच नाही! आम्ही विज्ञानाला नावे ठेवणारे नव्हे. हैतीचीच गोष्ट घ्या. भूकंपापूर्वी पोर्ट-ओ-प्रिन्सचा धड नकाशा कोणाजवळ नव्हता. देशोदेशीच्या शेकडो स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रे पाहून काही दिवसांत रस्ते, गल्ल्या, तंबूंच्या वस्त्या रेखून काढल्या आणि बचावाच्या तुकड्या तोच नकाशा घेऊन फिरल्या. पण त्याच शहरात टेकड्यांवरच्या वस्त्यांत ट्रक जाईल असा रस्ता नव्हता. तेथला राडारोडा त्याच वस्तीतल्या बाया-पुरुषांनी रोजंदारीवर फावड्याने, हातगाडीने खाली आणला. कोणते घर कोणाचे, कुणाची परवानगी घ्यायची, हे ठरविण्यातही वेळ गेला; कारण पुष्कळांजवळ कागदच नव्हते. दोन वर्षांनी साधारण निम्मा ढिगारा हलला होता. मोजणी आठवड्यांत झाली, उपसायला वर्षे लागली.

म्हणून वरचा डोळा हवा आणि खालचाही हवा. याचे एक साधे उदाहरण आपल्या गावांतच आहे. 2020 पासून 'स्वामित्व' योजनेत ड्रोन उडवून गावठाणाचे फोटो घेतले जातात व त्यावरून घरांची मालमत्ता पत्रके तयार होतात. ड्रोन येण्यापूर्वी गावात काय करतात ठाऊक आहे? घराघराच्या हद्दीवर चुन्याने रेघ मारतात! आभाळातल्या यंत्राला खालच्या चुन्याच्या रेघेवाचून कुणाचे घर कुठे संपते ते कळत नाही. आणि ही योजना गावठाणापुरती आहे. गावठाणाबाहेर, गायरानात, ओढ्याकाठी ज्यांची घरे आहेत, त्यांच्या दाराशी ही रेघ येत नाही.

तेव्हा बंधू-भगिनींनो, आपली रेघ आपण मारून ठेवावी. त्यासाठी फार काही लागत नाही.

एक. आपल्या घराचे फोटो आजच काढून ठेवा. समोरून, मागून, चारही भिंतींचे, आतल्या सामानाचेही. घरातील सर्व माणसे दारात उभी करून एक काढा. उपग्रहाला जसे 'आधीचे' चित्र लागते, तसे आपल्यालाही लागते. ते फोटो परगावच्या एखाद्या नातेवाइकाकडे पाठवून ठेवा. मोबाइल घराबरोबर गेला तर उपयोग काय?

दोन. घरपट्टीची पावती, नमुना नंबर 8 चा उतारा, वीजबिल, रेशनकार्ड यांचेही फोटो काढा. भाड्याने राहत असाल तर भाड्याचा करार किंवा पावती. घर आपल्या नावावर नसले तरी आपण तेथे राहत होतो, हे सांगणारा कागद हवा.

तीन. वस्तीची एक वही करा. घर कितवे, माणसे किती, म्हातारे-अपंग कोण, बाळंतीण कोण, परगावचा कामगार कोण राहतो. दर पावसाळ्यापूर्वी ती दुरुस्त करा. हे काम महिला मंडळाने अंगावर घ्यावे. कारण कोणाच्या चुलीवर किती भाकऱ्या होतात, हे बायांना जितके माहीत, तितके कोणालाच नाही.

चार. नुकसान लिहून घ्यायला कोणी आले तर त्याला ढिगारा दाखवून थांबू नका. गेले काय, ते एकेक सांगा. पिंप, शिलाई मशीन, शेळी, पुस्तके. पंचनामा वाचून घ्या, मगच सही करा.

आणि आमच्या शिकणाऱ्या मुला-मुलींना एक सांगणे. नकाशाचे, उपग्रहचित्रांचे शिक्षण आज कित्येक महाविद्यालयांत मिळते. ते जरूर घ्या. चित्र पाहणारा जर पत्र्याच्या खोलीत वाढलेला असेल, तर आडव्या पडलेल्या पत्र्याकडे पाहून तो 'शाबूत' असे लिहिणार नाही. तो थांबेल आणि खाली कोणाला तरी विचारील.

संध्याकाळी मावशी निघाल्या. पिशवी खांद्याला अडकवताना त्यांनी चिरंजीवांना बजावले, "पुढच्या खेपेला गावाकडं ये. त्या मोबाइलात माझ्या घराचा फोटू काढ. बाहेरनं नुसता नगं. आत ये, चुलीपाशी बसून काढ."

चिरंजीव या सुट्टीत जाणार आहेत. वस्तीची वहीही सोबत नेणार आहेत.